दोन खांबांमधला गाळा

यवतमाळहून दारव्ह्याकडे निघालं की विजेचे खांब सोबत येतात. कपाशी, तूर, सोयाबीनच्या रानांतून, नाल्याच्या काठाने, गावाच्या वेशीतून ते चालत राहतात. खिडकीतून पाहणाऱ्याला ते सगळे सारख्या अंतरावर उभे आहेत असं वाटतं, पण तसे ते नसतात. मोकळ्या रानात अकरा केव्हीच्या, म्हणजे अकरा हजार व्होल्टच्या, वाहिनीचे खांब लांब लांब असतात, गावठाणात शिरताच ते जवळ येतात, वाहिनी वळली की आणखी जवळ येतात आणि नाला ओलांडताना एखादा गाळा अचानक मोठा होतो. लाइनमन दोन खांबांमधल्या या मोकळ्या जागेला गाळा म्हणतात, कुणी इंग्रजीतून आलेला ‘स्पॅन’ म्हणतात. प्रत्येक गाळ्यामागे एक हिशेब असतो.

छोटी रेल्वे, म्हणजे मॉडेल रेल्वे बांधणारा माणूस हे खांब कधी ना कधी उभे करतोच. रूळ टाकून झाले, स्टेशन झालं, झाडं लावली, तरी खांब आणि तारा आल्याशिवाय तो देखावा आपल्या मुलखाचा वाटत नाही. मग तो विचारतो, खांब किती सेंटिमीटरवर लावू? या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर देणं सोपं आहे, पण ते उत्तर चुकीचं असतं. खरा खांब जिथे उभा आहे तिथेच का उभा आहे हे आधी कळलं, तर छोटा खांब कुठे लावायचा ते आपोआप कळतं. म्हणून आधी खरा खांब पाहू.

तारेपासून सुरुवात करायची, कारण अंतर मुळात तारच ठरवते. अंगणात कपडे वाळत घालायची दोरी कितीही ओढून बांधली तरी मधोमध जराशी खाली येतेच; विजेच्या तारेचंही तसंच आहे. ती खाली येते त्याला झोळ म्हणतात. झोळ किती पडेल हे तीन गोष्टींवर ठरतं: तारेचं वजन, तिच्यातला ताण आणि गाळ्याची लांबी. यांतली गाळ्याची लांबी सगळ्यांत जास्त भाव खाते. सूत्र साधं आहे. एक मीटर तारेच्या वजनाला गाळ्याच्या वर्गाने गुणायचं आणि ताणाच्या आठपटीने भागायचं. यातला महत्त्वाचा शब्द आहे वर्ग. गाळा दुप्पट केला की झोळ चौपट होतो.

प्रत्यक्ष आकडे घेऊन पाहू. ग्रामीण भागात अकरा केव्हीसाठी वापरल्या जाणाऱ्या एका तारेचं नाव ‘विझल’. पोलादी गाभ्याभोवती ॲल्युमिनियमचे पदर असलेल्या या तारांना प्राण्यांची नावं देण्याची जुनी ब्रिटिश पद्धत आपल्याकडेही रुजली. स्क्विरल, विझल, रॅबिट, डॉग, पँथर, झेब्रा अशी ती मालिका आहे आणि साधारणपणे जनावर मोठं तशी तार जाड. विझल तारेचा व्यास ७.७७ मिलिमीटर आणि वजन मीटरमागे सुमारे १२८ ग्रॅम असतं. ती तुटते सुमारे ११३० किलोच्या ओढीला. तिच्यात याचा चौथा हिस्सा, म्हणजे २८० किलोच्या आसपास ताण ठेवला असं धरलं, तर ५० मीटरच्या गाळ्यात झोळ पडतो १४ सेंटिमीटर, ६५ मीटरला २४ आणि १०० मीटरला ५७ सेंटिमीटर. झोळ कमी करायला तार आणखी आवळावी, तर थंडीत ती आकसते, ताण वाढतो आणि खांब ओढले जातात. ढिली ठेवावी, तर विदर्भाच्या उन्हाळ्यात, हवाच ४५ अंशांवर गेलेली असताना आणि तार त्याहून तापलेली असताना, ती आणखी खाली येते. शिवाय ढिल्या तारा वाऱ्याने एकमेकींवर आदळतात, ठिणग्या पडतात आणि काढणीला आलेला गहू पेटतो. घरोघरी वीज नेणाऱ्या लघुदाबाच्या तारांमध्ये त्यांना एकमेकींपासून दूर ठेवणारे स्पेसर बसवतात ते यासाठीच.

तार किती खाली आलेली चालेल याला कायद्याची मर्यादा आहे. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांनी ती घालून दिली आणि तोच पाया पुढेही राहिला. लघुदाबाची तार रस्ता ओलांडत असेल तर ती जमिनीपासून ५.८ मीटरच्या खाली येता कामा नये, उच्चदाबाची, म्हणजे अकरा केव्हीसारखी, ६.१ मीटरच्या. शेतातून जाणारी अकरा केव्हीपर्यंतची उघडी तार ४.६ मीटरवर चालते. त्याच नियमांत आणखी एक कलम आहे: लघुदाब किंवा मध्यमदाबाची वाहिनी रस्त्यावरून किंवा रस्त्याच्या कडेने जात असेल, तर विद्युत निरीक्षकाच्या लेखी परवानगीशिवाय दोन खांबांमधलं अंतर ६५ मीटरपेक्षा जास्त ठेवता येत नाही. गावातल्या खांबांचं अंतर कुठून आलं याचं एक उत्तर या कलमात आहे. प्रत्यक्षात गावठाणात ते याहून बरंच कमी भरतं, कारण तिथे घरोघरी जोडणी द्यायची असते, रस्त्यावर दिवे लावायचे असतात आणि गल्ली दर दहा घरांनंतर वळते.

आता खांब. लघुदाबाचा नेहमीचा सिमेंटचा पोल ८ मीटर लांबीचा असतो. लांबीचा साधारण सहावा हिस्सा जमिनीत पुरायचा असा दंडक आहे, म्हणजे जमिनीवर उरतात सुमारे ६.६५ मीटर. हा आकडा लक्षात ठेवावा, पुढे तो लागणार आहे. अशा पोलावर २०० किलो असं लिहिलेलं असतं. हा भार त्याच्या शेंड्यापासून ६० सेंटिमीटर खाली आडवा लागेल असं धरून पोल घडवलेला असतो. आणि हा आडवा भार आणतो तो वारा. तार बारीक दिसते, पण तिची लांबी मोठी असते. उदाहरणादाखल, दर चौरस मीटरला ७५ किलोचा दाब देणारा वारा धरू आणि तार गोल म्हणून त्यातला दोन तृतीयांशच मोजू. तीन विझल तारांवर ६५ मीटरच्या गाळ्यात हा रेटा सुमारे ७६ किलो भरतो, १०० मीटरच्या गाळ्यात ११७ किलो. खुद्द खांबावर बसणारा वारा वेगळाच. मे महिन्यात वळवाच्या वादळात रांगेने खांब आडवे होतात तेव्हा तारेच्या वजनाने ते पडलेले नसतात. गाळ्यागाळ्यातला वारा त्यांनी सोसलेला असतो. भारतीय मानकात नागपूरसाठी वाऱ्याचा आधारभूत वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर धरलेला आहे. यावरून या मुलखातल्या खांबांकडून काय अपेक्षा असते ते समजावं.

यवतमाळ जिल्ह्यात आणखी एक गोष्ट खांबाशी झगडते, ती म्हणजे माती. काळी कापसाची जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. वर्षानुवर्षं असं झालं की नीट न ठोकलेला, पायथ्याशी काँक्रीट नसलेला खांब कलतो. रांगेतल्या एखाद्या खांबाचा हा कल आपल्याकडच्या देखाव्याचा खरा भाग आहे. छोट्या रेल्वेत सगळे खांब ओळंब्यात उभे केले तर ते दुसऱ्याच कुठल्या देशातले वाटतात.

आता रुळांकडे जाऊ. यवतमाळात रुळांचा विषय निघाला की शकुंतला रेल्वे आलीच. यवतमाळ ते मूर्तिजापूर ही अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटर रुंदीची अरुंद रेल्वे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सुरू झाली. सुमारे ११३ किलोमीटरचा हा मार्ग दारव्हा मोतीबाग, कारंजा अशी गावं जोडत मूर्तिजापूरला मुंबईच्या मोठ्या लाइनला मिळत असे. वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदराकडे नेणं हा त्याचा मूळ उद्देश. मालकी किलिक, निक्सन या कंपनीच्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीकडे आणि गाडी चालवायची जीआयपी रेल्वेने, पुढे मध्य रेल्वेने. १९२१ मध्ये मँचेस्टरमध्ये बांधलेलं वाफेचं इंजिन तिला १९९४ पर्यंत ओढत होतं, त्यानंतर डिझेल आलं. गेल्या दशकात गाडी थांबली. छोट्या रेल्वेसाठी मराठी मुलखात याहून चांगला विषय मला दिसत नाही: गाडी लहान, डबे मोजके, स्टेशनं साधी आणि भोवती मोकळं रान.

स्टेशनातून स्टेशनात निरोप जायला हवा म्हणून रुळाशेजारून तार नेत आणि तिचे खांब साधारण ६० ते ७० मीटरवर, म्हणजे किलोमीटरला पंधरा-सोळा असत. तारायंत्राची तार विजेच्या तारेपेक्षा हलकी, पण खांबावर ती अनेक पदरी असे, आडव्या पट्ट्यांवर चिनीमातीच्या इन्सुलेटरांच्या ओळी असत. आपल्या हवेत लाकडाला वाळवी लागते, म्हणून लोखंडी खांबांना पसंती होती. रेल्वेत हे खांब पत्त्याचंही काम करत. रुळावर कुठे काही घडलं तर जागा सांगताना किलोमीटर आणि त्यातला खांबाचा क्रमांक सांगत. विजेवर धावणाऱ्या मार्गांवर आज तेच काम ओव्हरहेड तारेचे खांब करतात.

बडनेरा-धामणगाव-वर्धा या मार्गावर गाडीच्या खिडकीतून दिसतात ते हे दुसऱ्या जातीचे खांब. यांचा गाळा ठरवण्याची रीत अगदी वेगळी आहे आणि फार सुंदर आहे. सरळ रुळावर दोन खांबांमध्ये ६३ मीटर किंवा मूळ आराखड्यांप्रमाणे ७२ मीटरपर्यंत अंतर ठेवतात आणि वळणावर ते साडेचार-साडेचार मीटरच्या पायऱ्यांनी कमी करत आणतात: ५८.५, ५४, ४९.५, असं २७ मीटरपर्यंत. कारण असं, की रूळ वळतो, पण दोन खांबांमधली तार वळू शकत नाही; ती सरळच जाते. ८७५ मीटर त्रिज्येच्या वळणावर ६३ मीटरचा गाळा ठेवला, तर गाळ्याच्या मध्यावर तार रुळाच्या मध्यरेषेपासून जवळजवळ ५७ सेंटिमीटर आत सरकते. इंजिनाच्या डोक्यावरच्या, तारेला टेकून वीज घेणाऱ्या पँटोग्राफची पट्टी किती रुंद असणार? म्हणून खांबापाशी तार मुद्दाम ३० सेंटिमीटरपर्यंत बाहेरच्या बाजूला ओढून धरतात, म्हणजे मध्यावर तिचं आत सरकणं निम्म्यावर येतं. आणि वळण तीव्र असेल तर गाळाच कमी करतात. पुढच्या वेळी या मार्गाने जाताना घड्याळ लावून पाहा. ६३ मीटरच्या गाळ्यात दर चार सेकंदांना एक खांब मागे गेला, तर गाडीचा वेग ताशी ५७ किलोमीटर आहे.

आता टेबलावर येऊ. छोट्या रेल्वेत सर्वांत रूढ प्रमाण एचओ, म्हणजे १:८७. पुण्यात कोथरूडला जोशी यांचं छोट्या रेल्वेंचं संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे, तिथला देखावाही याच प्रमाणातला. शकुंतलेसाठी हे प्रमाण आणखी एका कारणाने सोयीचं आहे. ७६२ मिलिमीटरला ८७ ने भागलं की येतात ८.७६ मिलिमीटर, आणि बाजारात एन प्रमाणाचा ९ मिलिमीटर रुंदीचा रूळ तयार मिळतो. पाव मिलिमीटरचा फरक डोळ्याला कळत नाही. अरुंद रेल्वेच्या या जोडीला एचओई म्हणतात.

इथून अडचण सुरू होते. ६५ मीटरला ८७ ने भागलं तर येतात ७५ सेंटिमीटर. आठ फूट बाय चार फुटाचं प्लायवूड घेतलं, जे बहुतेकांच्या घरात जेमतेम मावतं, तर त्याच्या लांब बाजूला खरे २१० मीटर बसतात. म्हणजे चार खांब आणि संपलं. चार खांबांची रांग रांग वाटत नाही. एन प्रमाणात, १:१६० ला, तोच गाळा ४१ सेंटिमीटरचा होतो, त्यामुळे तिथे ही अडचण सौम्य आहे. पण एचओत खरं अंतर खरं ठेवलं की देखावा खोटा वाटतो. याचं कारण उघड आहे: टेबलावरची बाकी प्रत्येक गोष्ट आपण आखडून घेतलेली असते. यवतमाळ ते मूर्तिजापूर हा मार्ग १:८७ ने काटेकोर बांधायचा तर रूळ लागेल १.३ किलोमीटर. तेवढा कुणीच टाकत नाही. दारव्हा ते लाडखेड हे अंतर आपण चार हातांत बसवतो, मग खांबांनीच तेवढं पूर्ण माप का पाळावं?

म्हणून अंतर आखडावं, पण किती? इथे मघाचा ६.६५ मीटरचा आकडा कामाला येतो. खऱ्या खांबाची जमिनीवरची उंची आणि ६५ मीटरचा गाळा यांचं प्रमाण जवळजवळ एकास दहा आहे. डोळा सेंटिमीटर मोजत नाही, हे प्रमाण मोजतो. टेबलावर तो खांब ७.६ सेंटिमीटर उंच येतो. माझ्या मते गाळा ४० ते ४५ सेंटिमीटर ठेवावा, म्हणजे खऱ्याच्या पंचावन्न ते साठ टक्क्यांच्या आसपास, आणि खांबही थोडा उतरवून सात सेंटिमीटरवर आणावा. प्रमाण एकास सहा राहतं आणि खांब लांब लांबच वाटतात. एकास तीनवर आलात, म्हणजे वीस-बावीस सेंटिमीटरवर, की विजेची वाहिनी कुंपणासारखी दिसू लागते. दुकानातल्या तयार संचात खांब दहा-बारा सेंटिमीटरवर लावलेले दिसतात, ती चूक कृपया करू नये.

परदेशी पुस्तकं वाचणाऱ्यांसाठी इथे एक सूचना. अमेरिकेत रेल्वेकडेच्या तारायंत्राचे खांब मैलाला ४० हे जुनं प्रमाण होतं, म्हणजे दोन खांबांत १३२ फूट किंवा ४० मीटर. एचओत ते ४६ सेंटिमीटर होतं. अमेरिकी छंदिष्ट हा आकडा आणखी आखडून अर्ध्यावर आणतात. तो अर्धा आकडा आपल्या टेबलावर तसाच उचलला तर वऱ्हाडातलं मोकळं रान नाहीसं होतं, कारण आपले खांब मुळातच त्यांच्या दीडपट अंतरावर असतात.

वळणावर मात्र ४२ सेंटिमीटर चालणार नाहीत, आणि बहुतेक जण इथेच फसतात. टेबलावरचं वळण खऱ्यापेक्षा फार तीव्र असतं; एचओईत ३० सेंटिमीटर त्रिज्या सर्रास वापरतात. वळणाच्या बाहेरच्या बाजूला, रुळापासून पाच सेंटिमीटरवर खांब लावले आणि गाळा ४२ ठेवला, तर दोन खांबांमधली तार मध्यावर सहा सेंटिमीटरहून जास्त आत येते, म्हणजे थेट गाडीच्या डोक्यावर. गाळ्याच्या वर्गाला खांबांच्या रांगेच्या त्रिज्येच्या आठपटीने भागायचं, झोळासारखंच गणित. गाळा २५ वर आणला की हे आत येणं सव्वादोन सेंटिमीटर उरतं आणि तार रुळाच्या बाहेर राहते. किंवा खांबांची रांगच वळणाच्या आतल्या बाजूला घ्यावी, म्हणजे तार रुळापासून दूर जाईल. आणि वळणावरच्या खांबाला वळणाच्या बाहेरून ताण द्यायला विसरू नये: शेंड्याखालून जमिनीत तिरपी उतरलेली एक तार. तिच्याशिवाय खरा खांब महिनाभरही सरळ उभा राहिला नसता. रांग संपते तिथल्या शेवटच्या खांबालाही ती हवीच.

विजेची वाहिनी रूळ ओलांडते तिथेही एक गोष्ट पाळण्यासारखी आहे. अकरा केव्हीपर्यंतची वाहिनी रुळावरून वरून नेऊ नये, सामान्यतः जमिनीखालून केबलने न्यावी असा रेल्वेचा नियम आहे. म्हणून रुळाच्या अलीकडे एक खांब येतो, त्यावरून केबल लोखंडी पाइपातून खाली उतरते आणि पलीकडच्या खांबावर पुन्हा वर चढते. टेबलावर हे दोन खांब आणि दोन पाइप केलेत की तार रुळावरून नेण्याचा त्रास वाचतो आणि जाणकार पाहुणा तिथेच थबकतो.

तारा लावायच्या असतील तर प्रमाण पाळणं अवघड आहे. विझल तार १:८७ ने ०.०९ मिलिमीटर जाड, म्हणजे केसाइतकी. ६५ मीटरच्या गाळ्यातला २४ सेंटिमीटरचा झोळ टेबलावर जेमतेम तीन मिलिमीटर होतो. म्हणून तार जवळजवळ सरळच दिसली पाहिजे. लोक हौसेने खोल झोळ देतात, तो अतिरेक आहे. फक्त गावठाणातल्या जुन्या लघुदाबाच्या तारांना थोडा अधिक झोळ शोभतो. बारीक लवचिक धागा मिळाला तर तो वापरावा, हात लागला तरी तुटत नाही.

शेवटची गोष्ट काळाची. कोणत्या वर्षाची शकुंतला करायची ते आधी ठरवा. वाफेच्या इंजिनाची, १९९४ पूर्वीची करायची असेल, तर शेतात एका रोहित्रावरून, लोक ज्याला डीपी म्हणतात त्यावरून, लघुदाबाच्या लांब रांगा विहिरीविहिरीकडे गेलेल्या दाखवा. २०१८ नंतर राज्यात उच्चदाब वितरण प्रणाली आली, एक-दोन शेतकऱ्यांना एक लहान रोहित्र मिळू लागलं आणि अकरा केव्हीची वाहिनीच शेतापर्यंत गेली. त्या रानात लघुदाबाचे खांब कमी आणि अकरा केव्हीच्या खांबांवरची छोटी रोहित्रं जास्त. आता सौर पंप आल्यावर नव्या विहिरीपाशी एकही खांब नसेल असंही रान दिसतं.

मुलूख बदलतो आहे. वर्धा-यवतमाळ-नांदेड या मोठ्या मार्गाचा वर्धा ते कळंब हा टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. तरी अरुंद रूळ, जुने लोखंडी खांब, गावातले कललेले पोल यांची मापं अजून जागेवर घेता येतात. दारव्हा, कारंजा, यवतमाळ यांपैकी जवळ असाल ते गाव निवडा. अंतर पावलांनी मोजा, पायथ्यापासून शेंड्यापर्यंतची उंची सावलीवरून काढा, फोटोत खांबाशेजारी माणूस उभा करा म्हणजे माप राहील. ताणाच्या तारेला किंवा खांबाला मात्र हात लावू नका, ओल्या दिवसांत तर जवळही जाऊ नका, आणि गाडी धावत असलेल्या रुळावर मोजायला उतरू नका.